आईंच्या केसांतला मोगरा

टुक्.

एवढासा आवाज, पण दुपारच्या शांततेत तो थेट स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. आईंच्या खोलीतल्या, तेलाच्या वासाची वाफ सोडणाऱ्या डिफ्युझरमधलं पाणी संपलं की तो असा एकदाच टुक् करतो आणि आपला आपण बंद होतो. हर्षालीने निवडायला घेतलेली कोथिंबीर ताटातच ठेवली, ओढणीला हात पुसले आणि पाय न वाजवता खोलीच्या दाराशी गेली. चैत्रातलं ऊन, इंदिरानगरातल्या खिडक्याखिडक्यांना पडदे ओढलेले. बाहेरच्या खोलीत तिची लेक दिशा पंख्याखाली हातपाय पसरून झोपली होती. अशा वेळी कुणी जागं होऊ नये एवढंच हर्षालीला वाटायचं, कारण दिवसातला तेवढाच तुकडा तिच्या वाट्याचा असायचा.

छायाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तिने वाकून वायर काढली, तोच भिंतीच्या बाजूने आवाज आला.

"संपलं वाटतं तुझं पाणी."

हर्षाली होती तशीच वाकून राहिली. हिवाळ्यापासून हा डिफ्युझर या खोलीत चालू होता, आणि आईंनी त्याच्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता. चालू आहे का बंद, हेही त्यांना कळत नसावं असंच ती धरून चालली होती. परत भरू का, असं तिने हळूच विचारलं. जमत असेल तर भर, असं म्हणून आईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

एवढ्याशा बोलण्यावर हर्षाली संध्याकाळपर्यंत खूश होती. कारणही तसंच होतं.

छायाबाईंचा सगळा जन्म वासात गेलेला. मखमलाबादला त्यांचा मळा. गुलाब, निशिगंध, उन्हाळ्यात मोगरा. पहाटे तोडणी, मग पाट्या फुलबाजारात, आणि घरी उरलेल्या फुलांचे गजरे. लग्न होऊन हर्षाली त्या घरात आली तेव्हा सासूचा चेहरा दिसायच्या आधी सासूचा वास आला होता: मोगरा, ओली माती आणि केसांचं तिळाचं तेल. सासरे, सावळीराम, थट्टेने म्हणायचे की हिला अंधारात शोधायला कंदील लागत नाही.

मागच्या वर्षी, चैत्र लागायच्या तोंडावर, सावळीराम गेले. आईंनी कुंकवाबरोबर वासही उतरवून ठेवला. न्हाणीघरातला चंदनाचा साबण गेला, डाळीचं पीठ आलं. केसांना पाण्याचा हात. देवापुढे उदबत्ती लागली की त्या उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. मळा चुलतदिरांकडे दिला आणि त्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, त्या अशा, की घरात माणूस वाढलं हे फक्त ताटावरून कळावं. झोप नाही, बोलणं नाही. जेवण विचारलं तर "चालेल", चहा विचारला तरी "चालेल".

हर्षालीकडे यावर उपाय होता असं नाही. तिच्याकडे बाटल्या होत्या.

दिशाच्या जन्मानंतरच्या वर्षात तिचे दिवस आणि रात्री एकमेकांत कालवून गेले होते. तेव्हा कॉलेजातल्या मैत्रिणीने लव्हेंडरच्या तेलाची एक बाटली दिली. त्या वासाने जादू झाली नाही. बाळ रडायचं तेवढंच रडलं. पण उशाशी त्या तेलाचा बोळा ठेवला की ती स्वतः जरा माणसात यायची. मग तिने वाचलं, शिकली, चुकली, एकदा स्वतःच्या मनगटावर पुरळ उठवून घेतलं, आणि हळूहळू दिशाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर तपकिरी बाटल्यांची रांग लागली. फरशी पुसायच्या पाण्यात गवती चहाच्या तेलाचे थेंब. मासे तळले त्या संध्याकाळी संत्र्याच्या सालीचं तेल. नवऱ्याचं, शेखरचं, डोकं दुखलं की पुदिन्याचं, तेही खोबरेलात मिसळून. शेखर त्याला "हर्षालीची लॅब" म्हणायचा आणि डोकं मात्र निमूट पुढे करायचा. दुखणं आलं की डॉक्टर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा हट्ट वेगळाच होता. लग्न होऊन आलेल्या घरात पडद्याच्या रंगापासून आमटीच्या फोडणीपर्यंत सगळं आधीच ठरलेलं असतं. घराला वास कसला यावा हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. ते तिने ठरवलं.

हिवाळ्यात आईंना खोकला झाला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, हर्षालीने वाफेच्या पाण्यात नीलगिरीचा थेंब टाकला. वास आला तशा आई मागे सरकल्या. "औषध आहे आई," हर्षाली म्हणाली, आणि आईंनी मुकाट टॉवेल डोक्यावर घेतला.

त्या एका शब्दाने दार उघडलं. मग हर्षालीने तो शब्द सोडलाच नाही. खोकला गेला, तरी डिफ्युझर खोलीतच राहिला. त्यात लव्हेंडर आलं, ते झोपेचं औषध. पुढे गुलाबाच्या पाकळ्यांसारखा वास येणारं जिरेनियम आलं, ते कसलं औषध हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. आई झोपायला लागल्या. लव्हेंडरने, गोळीने की नुसतं कुणीतरी रोज खोलीत येऊन काहीतरी करून जातं म्हणून, कोण जाणे.

पुन्हा चैत्र लागला आणि मळ्यातला मोगरा सुरू झाला. रविवारी शेखर मळ्यावर गेला की येताना पिशवीभर कळ्या आणायचा. हर्षालीने बरणीत तिळाचं तेल घेतलं आणि त्यात कळ्या ओतल्या. आई पाणी प्यायला आल्या होत्या. तांब्या हातात धरून त्या थोडा वेळ बघत राहिल्या. ओल्याच टाकल्यास, तेल खवट होईल, एवढं म्हणून त्यांनी तांब्या ठेवला, कळ्या बाहेर काढल्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरल्या. सावळीरामांच्या धोतराचं फडकं होतं ते. त्यानंतर रोज सकाळी कोमेजलेल्या कळ्या काढून ताज्या टाकायचं काम आपोआप आईंकडे गेलं.

तेल तयार झालं त्या दिवशी हर्षाली वाटी घेऊन त्यांच्या मागे बसली. केस फार गळताहेत तुमचे, लावून बघू, औषध आहे, असं ती म्हणाली. आईंनी अंबाडा सोडला.

"असं होय," त्या म्हणाल्या.

नीट ऐकलं असतं तर त्यात हसू होतं. पण हर्षाली आपल्या हुशारीवर खूश होती, तिला ते ऐकू आलं नाही.

मळ्यावरच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू दरवर्षी आईंचं असायचं. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि अंगणभर बसलेल्या बायकांमधून अत्तरदाणी घेऊन फिरणाऱ्या आई. मागच्या वर्षी ते झालं नाही. यंदा वर्ष सरलं होतं, तर इंदिरानगरच्या घरी हर्षालीने करावं असं ठरलं. तिने बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावलं, दिशाच्या मैत्रिणींच्या आयांना बोलावलं. डाळ आणि पन्ह्याची तिला काळजी नव्हती. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: त्या दिवशी आई कुठे बसणार. बाहेर बायकांत, की आत खोलीत दार लोटून. एकदा त्या आत बसल्या की हिवाळ्यापासून थेंबाथेंबाने आणलेलं माणूस परत भिंतीकडे तोंड करणार, हे तिला दिसत होतं.

आदल्या दिवशी म्हसरूळहून कुसाआत्या आल्या. सावळीरामांच्या थोरल्या बहीण. त्यांच्याबरोबर कैऱ्यांची पिशवी, हरभऱ्यांची पिशवी आणि घरात पाऊल टाकल्यापासून सूचना. पन्ह्याला गूळच घाल, साखर नको. ही मुलगी एवढी वाळली कशानं. आई त्यांच्या पाया पडायला वाकल्या तसं आत्यांचं नाक त्यांच्या डोक्याशी आलं. आशीर्वाद अर्ध्यात राहिला.

"छाया, मोगऱ्याचा वास येतो गं तुझ्या डोक्याला."

आई काही बोलायच्या आत हर्षाली मध्ये पडली. औषध आहे आत्या, केस गळतात त्यांचे. सोफ्यावरून शेखरनेही मान वर न करता भर घातली, की औषधी तेल आहे, ऑनलाइन मागवतो, फार महाग मिळतं. आत्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. औषधाला कोण नाय म्हणतंय, असं म्हणून त्या खुर्चीत टेकल्या, पायावरून हात फिरवला, आणि मग जे बोलायचं ते अगदी सहज बोलल्या.

"पण उद्या चार सवाष्णी यायच्या. प्रत्येकीला कुठं सांगत बसती, औषध हाय म्हणून? सकाळी शिकेकाईनं डोकं धुवून टाक, बाई."

"बरं वन्सं," आई म्हणाल्या.

हर्षालीच्या डोक्यात सणक गेली. तिने शेखरला गॅलरीत गाठलं. शेखरचं म्हणणं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आत्या वयस्कर, कशाला दुखवायचं. हर्षालीचं म्हणणं, तुला एक दिवस दिसतो, मला डाळीच्या पिठाचं ते अख्खं वर्ष दिसतं. शेखर म्हणाला, अगं, आपण औषध म्हणून सांगितलं म्हणून तर निभावलं. आणि तेव्हा पहिल्यांदा तिला तो शब्द टोचला. निभावलं म्हणजे काय? आईंनी खोकावं, त्यांचे केस गळावेत, त्यांना झोप येऊ नये, तरच त्यांनी वास घ्यायचा?

ती तडक आईंच्या खोलीत गेली. उद्या तुम्ही बाहेर बसायचं, तिने सांगून टाकलं, आणि मी सगळ्यांच्या आधी तुमच्या हाताला अत्तर लावणार, बघते कोण काय बोलतं. तिचा आवाज चढला होता, डोळे भरले होते. आई गादीवरच्या चादरीची घडी सारखी करत ऐकत होत्या.

"माझ्या हाताचं प्रदर्शन नको मांडू, हर्षाली," त्या म्हणाल्या. "बायका टाळ्या वाजवतील, कुणी फोटो काढील, संध्याकाळी आपापल्या घरी जातील. तुझं कौतुक होईल, मी शोभेला. जा, डाळ भिजत घाल."

तिला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. ती डाळ भिजत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात बराच वेळ पाणी वाजत राहिलं. आई बाहेर आल्या त्या डोक्यावरून पदर घेऊनच, आणि खोलीत जाऊन दार लोटून बसल्या. आत्यांनी समाधानाने मान हलवली. हर्षालीने ओठ दाबून कैऱ्या किसल्या.

संध्याकाळी बायका आल्या. घर भरलं, चपलांचा ढीग दाराबाहेर गेला. दिशाकडे गुलाबदाणी दिली होती. ती गुलाबपाणी हातांवर कमी आणि डोळ्यांत जास्त शिंपडत होती. आत्या हळदीकुंकू लावत होत्या आणि त्यांच्या मागून हर्षाली अत्तरदाणी घेऊन. त्यात तिने बाजारातलं अत्तर घातलं नव्हतं, तेच मोगऱ्याचं तेल घातलं होतं, आणि आत्यांना ते मळ्यातल्या कळ्यांचं, घरी काढलेलं, एवढंच सांगितलं होतं. ज्या त्या बाईने हात नाकाशी नेऊन हा वास कुठला म्हणून विचारलं, आणि आत्यांचा ऊर भरून आला. आमच्या मळ्यातला मोगरा हाय, त्या सांगत सुटल्या, सुनेनं घरी तेल काढलंय, इकत मिळायचं नाय असलं. स्वतःच्या हाताच्या पाठीवर त्यांनी दोनदा लावून घेतलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या नवसाबाई अत्तर लावून घेऊन खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, छायाताई दिसत नाहीत. आत हाय, आत्या म्हणाल्या, बरं नाय तिला.

दार उघडलं ते तेवढ्यात.

आई बाहेर आल्या. फिकट निळी साडी, पदर खांद्यावर. डोक्यावर पदर नव्हता. अंबाडा नीट बांधलेला होता आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तेलाने चमकत होता. पंख्याखालून जाताना वास सगळ्या खोलीत फिरला, आणि तो हातांवरच्या थेंबांपेक्षा कितीतरी जास्त होता. आज सकाळीच लावलं होतं त्यांनी, स्वतःच्या हाताने.

"डोकं धुतलं नाय?" आत्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"धुतलं. परत लावलं."

कुणीतरी डाळीच्या वाटीत चमचा फिरवत राहिलं. हर्षालीच्या जिभेवर तो शब्द आला होता, सवयीने, मदतीला धावल्यासारखा. पण तिच्या आधी आत्याच धावल्या. त्यांनी बायकांकडे वळून हसून सांगितलं की केसांना औषध लावायचं असतं तिला, डॉक्टरनं दिलंय. भावजयीची अब्रू झाकायला त्या माउलीने डॉक्टरसुद्धा उभा केला.

"औषध नाही, वन्सं," आई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, वेळ विचारल्यावर सांगावी तसा होता. "मोगरा आहे. मला आवडतो."

आणि त्या नवसाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. बसून त्यांनी उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवला.

"लाव गं," त्या हर्षालीला म्हणाल्या.

काल हर्षालीने हे किती वेळा मनात करून पाहिलं होतं. त्यात तिची मान ताठ होती, वाक्यं तयार होती. आता घाईघाईत तेलाचा बोळा आईंच्या बोटांवरून घसरला आणि त्यांनीच दुसऱ्या हाताने तो धरून नीट जागेवर आणला. शिरा वर आलेल्या, काट्यांनी ओरखडलेल्या त्या हाताच्या पाठीवर तेल पसरलं. आईंनी हात नाकाशी नेला आणि डोळे मिटले. कुणासाठी नाही, कुणाला दाखवायला नाही. भुकेलं माणूस जेवतं तसा त्यांनी तो वास घेतला, सावकाश, पुन्हा एकदा, आणि अजून एकदा.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक बाई मुलीचा क्लास आहे म्हणत उठली आणि डाळ तशीच ठेवून गेली. आणखी दोन बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. नवसाबाईंनी मात्र आपला हात पुन्हा पुढे केला. म्हणाल्या, मघाशी मला फारच हात राखून लावलंस गं, जरा सढळ लाव. त्यावर दोघीतिघी हसल्या आणि पन्ह्याचे पेले पुन्हा हलायला लागले.

कुसाआत्या हसल्या नाहीत. त्या पदराने आपल्या हाताची पाठ पुसत होत्या. तिळाच्या तेलातला मोगरा पुसून जात नाही, उलट चोळला की जास्त दरवळतो. मग त्या बेसिनवर गेल्या, साबणाने हात धुतला, पुन्हा धुतला. बाहेर आल्या त्या पिशवी घेऊनच. आई उठून दारापर्यंत गेल्या. डाळ तरी खाऊन जा वन्सं, म्हणाल्या.

आत्यांनी पदराने डोळे टिपले. "माझ्या भावाचं काहीतरी ठेवायचं होतंस, छाया."

आईंचा चेहरा हलला. हर्षालीला वाटलं, आता या मागे फिरतील, पदर डोक्यावर घेतील, आणि सगळं पुन्हा डाळीच्या पिठावर येईल. आईंनी वाकून नमस्कार केला. आत्यांचं नाक पुन्हा त्या अंबाड्याशी आलं. आईंनी डोकं चोरलं नाही. आत्यांचा हात वर आला, केसांपासून वीतभर अंतरावर थांबला, आणि तसाच परत गेला. त्या जिना उतरून गेल्या.

शेखर घरी आला तो फोन कानाला लावूनच. म्हसरूळहून आत्यांचे यजमान, धोंडीराममामा, विचारत होते की तिकडे झालं तरी काय, ही आल्यापासून बोलत नाही. शेखरने फोनवर हात ठेवला आणि वैतागून विचारलं, भावकीत काय सांगायचं आता? हर्षाली ओट्याशी वाट्या घासत होती.

"आईंना मोगरा आवडतो, असं सांग," ती म्हणाली. "आणि यापुढे या घरात कुणी औषध म्हणायचं नाही."

शेखर आईंकडे बघायला लागला. त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी नुसतं एवढंच सांगितलं, की वन्संना मी उद्या स्वतः जाऊन भेटेन, तू मध्ये पडू नको, आणि रविवारी कळ्या जरा जास्त आण. जाताना केस धुऊन जाणार का, असं विचारायची शेखरची हिंमत झाली नाही. हर्षालीला विचारायची गरज वाटली नाही.

दिशा वाट्या पुसायला बसली होती. एक वाटी पुसायची आणि मग आपल्या हाताचा वास घ्यायचा, असं तिचं काम चाललं होतं. आत्याआजी रडत होती का, हे तिला विचारायचं होतं. हो, हर्षालीने सांगितलं, तिला तिच्या भावाची, आपल्या आजोबांची आठवण आली. आजीला पण येते का? आजीला तर रोज येते. आजीला मोगरा पहिल्यापासून आवडायचा? पहिल्यापासून. आजोबांनीच तर लावला होता मळ्यात, तू लहान होतीस तेव्हा तुला खांद्यावर घेऊन पाणी घालायचे त्याला.

दिशा विचारात पडली. पुसलेली वाटी तिने पुन्हा एकदा पुसली आणि गॅलरीकडे, पाठमोऱ्या आजीकडे पाहिलं.

"मग आई, आजोबा जाताना आजीला सांगून गेले होते का, आता वास घेऊ नको म्हणून?"